‘जन्मसिद्ध हक्क’ आणि न्यायासन : १९०८ चा राजद्रोहाचा खटला व महाडचा दावा

आधुनिक मराठी गद्याच्या घडणीत वृत्तपत्र, व्याख्यान आणि निबंध यांचा वाटा सर्वमान्य आहे. न्यायालयाचा वाटा मात्र फारसा तपासला गेलेला नाही. वास्तविक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील काही महत्त्वाचे मराठी शब्द न्यायासनासमोर कसाला लागले आणि तेथेच त्यांच्या अर्थाच्या मर्यादा उघड झाल्या. ‘हक्क’ हा अशा शब्दांपैकी प्रमुख होय. माणसाचा हक्क ईश्वराने दिलेला असतो, जन्माने येतो, रूढीने मिळतो की राज्यसंस्थेच्या सनदेने, हा प्रश्न तत्त्वचिंतनाचा आहे. परंतु न्यायालयात उभे राहणाऱ्याला तो तत्त्वचिंतन म्हणून मांडता येत नाही. त्याला कायद्याच्या भाषेत बोलावे लागते आणि या भाषांतरात काही मिळते तसे काही निसटतेही. लोकमान्य टिळकांवरील १९०८ चा खटला, १९१६ चे जामीनप्रकरण आणि महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ ते १९३७ पर्यंत चाललेला दावा यांच्या आधारे या प्रक्रियेचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. शब्दांचे पूर्वसंचित

‘हक्क’ आणि ‘अधिकार’ हे शब्द आज समानार्थी वापरले जातात. त्यांची कुळे मात्र भिन्न आहेत. ‘अधिकार’ हा संस्कृत शब्द मीमांसा व वेदान्त यांच्या परंपरेत पात्रतेचा वाचक आहे. अमुक कर्माचा, अमुक विद्येचा अधिकारी कोण, हा तेथील प्रश्न. अधिकारी आला की अनधिकारीही आला. म्हणूनच ‘अधिकारभेद’ हा त्या परंपरेतील स्वाभाविक शब्द ठरतो. सर्वांना सारखाच असलेला अधिकार ही कल्पना त्या शब्दाच्या मूळ घडणीत बसत नाही.

‘हक्क’ हा अरबीतून फार्सीमार्गे मराठीत आला. सत्य, न्याय्य अंश, वाजवी येणे असे अर्थ त्याच्या मुळाशी आहेत. मराठी दप्तरांत तो वतनसंस्थेशी निगडित झाला. पाटील, कुलकर्णी, देशमुख यांचे हक्क, लाजिमे व मानपान वंशपरंपरेने चालत. गावगाड्याच्या तळाशी असलेल्या महारांच्या ‘बावन्न हक्कां’ची परंपराही सर्वश्रुत आहे. हे हक्क जन्माने मिळत हे खरे, पण ते विशिष्ट घरात जन्मल्यामुळे मिळत. शिवाय त्यांतील बरेचसे हक्क सेवेच्या ओझ्याशी बांधलेले असत. हक्क आणि राबणूक ही एकाच वतनाची दोन अंगे होती. ‘जन्मसिद्ध हक्क’ या शब्दबंधाचा विचार करताना हा वतनी अर्थ दृष्टीआड करता येणार नाही.

या शब्दाला माणूसपणाच्या पातळीवर नेण्याचे श्रेय प्रामुख्याने महात्मा जोतीराव फुले यांना द्यावे लागते. टॉमस पेनच्या विचारांचा संस्कार त्यांच्यावर झाला होता. तथापि त्यांनी पेनचे केवळ मराठीकरण केले नाही. १८९१ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त ‘निर्मिक’ ही संज्ञा योजून त्यांनी सर्व स्त्री-पुरुषांना निर्माणकर्त्याने स्वतंत्र व समान हक्कांचे उपभोक्ते केले आहे, अशी भूमिका मांडली. येथे हक्क ईश्वरदत्त आहे, पण तो देणारा ईश्वर कोणत्याही जातीच्या पुरोहिताच्या ताब्यात नाही. ‘निर्मिक’ हा शब्द योजण्यामागे हीच दक्षता दिसते.

तिसरी संज्ञा ‘सनदशीर’. ‘सनद’ म्हणजे राजाने दिलेला लेख. इंग्रजी राजकारणातील ‘कॉन्स्टिट्यूशनल’ या विशेषणासाठी मराठीने हा शब्द स्वीकारला आणि त्याबरोबर एक अडचणही पत्करली. नेमस्तांच्या सनदशीर चळवळीच्या कल्पनेला उत्तर देताना टिळकांनी ‘केसरी’तून ही अडचण नेमकी हेरली. हिंदी जनतेला इंग्रज सरकारने राज्यकारभाराच्या हक्कांची सनदच दिलेली नाही. मग चळवळ सनदशीर ठरवायची कशावरून? तिचा न्याय्यपणा कायद्याच्या पलीकडील न्याय, नीती व इतिहास यांच्या कसोटीवर ठरला पाहिजे, हा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. सनद नसलेल्या देशात हक्काचा आधार सनदेबाहेरच शोधावा लागतो, हे यातून सूचित होते.

२. १९०८ : कायद्याचा शब्द आणि त्यापलीकडचा शब्द

टिळकांवरील पहिला राजद्रोहाचा खटला १८९७ चा. त्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी भारतीय दंडसंहितेच्या कलम १२४-अ मधील ‘अप्रीती’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा विस्तृत केला. राजसत्तेवर प्रेम नसणे हाच गुन्हा ठरू शकेल, अशी ही व्याख्या होती. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी कलमाची शब्दरचना बदलून ते अधिक व्यापक करण्यात आले आणि कलम १५३-अ नव्याने आले. शब्दाच्या अर्थावर माणसाचे स्वातंत्र्य कसे अवलंबून असते, याचा हा पहिला धडा होता.

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे बाँबस्फोट झाला. त्यानंतर ‘केसरी’त १२ मे रोजी ‘देशाचे दुर्दैव’ व ९ जून रोजी ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख आले. २४ जून रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली आणि १३ ते २२ जुलै या काळात मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यासमोर खटला चालला. १८९७ मध्ये याच दावरांनी वकील या नात्याने टिळकांच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता. ज्यूरीत सात युरोपीय व दोन पारशी गृहस्थ होते.

या खटल्याचे वाङ्मयीन वैशिष्ट्य असे की, मराठी लेखांचा निवाडा इंग्रजी भाषांतरावरून व्हावयाचा होता. ज्यांनी निर्णय द्यावयाचा त्या ज्यूरीतील बहुसंख्यांना मराठी अवगत नव्हती. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतः केला आणि सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी शब्दाशब्दाच्या छटांवरून केली. मराठी शब्दाला कोशात चार अर्थ असतील, तर त्यांतील सर्वांत कठोर अर्थ का निवडला, अन्य शब्द का निवडला नाही, हा त्यांच्या प्रश्नांचा रोख होता. नव्या राजकीय कल्पना व्यक्त करण्यासाठी मराठीला रोज नवे शब्द घडवावे लागत आहेत आणि त्यांचे अर्थ अद्याप स्थिरावलेले नाहीत, हा मुद्दाही त्यांनी मांडला. आरोपीच्या पिंजऱ्यातून केलेले हे विवेचन मराठी राजकीय परिभाषेच्या इतिहासात नोंद घेण्याजोगे आहे.

टिळकांचे बचावाचे भाषण सुमारे एकवीस तास चालले. त्याचा आधार इंग्रजी कायद्याचाच होता. मुद्रणस्वातंत्र्याच्या रक्षणात इंग्लंडमधील ज्यूरींनी बजावलेली कामगिरी, लेखाचा हेतू ठरविण्याचे निकष, अँग्लो-इंडियन पत्रांच्या टीकेला उत्तर देण्याची आवश्यकता हे त्यातील प्रमुख मुद्दे. या दीर्घ भाषणाचा भार ईश्वरदत्त हक्कावर टाकलेला नाही. ज्या न्यायासनासमोर बोलावयाचे त्याच्याच परिभाषेत बोलण्याची शिस्त टिळकांनी पाळली होती.

२२ जुलैच्या रात्री ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरविल्यानंतर, शिक्षेपूर्वी काही सांगावयाचे आहे काय, असे आरोपीस विचारण्यात आले. तेव्हा टिळकांनी मोजक्या वाक्यांत दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. त्याचे तीन घटक वेगळे करता येतात. पहिला, ज्यूरीचा निर्णय काहीही असला तरी आपण निर्दोष आहोत, हे प्रतिपादन. दुसरा, वस्तुजाताची गती नियंत्रित करणाऱ्या अधिक श्रेष्ठ शक्ती आहेत, हा विश्वास. तिसरा, आपण अंगीकारलेले कार्य आपल्या मुक्ततेपेक्षा आपल्या क्लेशांनी अधिक भरभराटीस यावे अशी ईश्वरी इच्छा असू शकेल, ही शक्यता.

या निवेदनात ‘हक्क’ हा शब्द येत नाही, याकडे सहसा लक्ष जात नाही. टिळक ईश्वराकडून मिळालेल्या एखाद्या हक्काची न्यायालयाकडे मागणी करीत नाहीत. ते न्यायालयाच्या निर्णयाच्या अंतिमत्वालाच नकार देतात. दुसरी बाब तिसऱ्या वाक्याच्या अर्थरूपाची. पहिली दोन विधाने निश्चयार्थी आहेत, तिसरे संभावनार्थी आहे. स्वतःच्या निर्दोषत्वाबद्दल संशय नाही, श्रेष्ठ शक्तीच्या अस्तित्वाबद्दल संशय नाही; मात्र त्या शक्तीची इच्छा नेमकी कोणती, याविषयी वक्ता खात्रीचा दावा करीत नाही. निवेदनाचे नैतिक बळ या संयमात आहे.

तिसरी बाब प्रसंगरचनेची. एकवीस तास कायद्याच्या भाषेचे, आणि ती भाषा असफल ठरल्यावर काही क्षण त्यापलीकडच्या भाषेचे. हा क्रम उलटा असता, तर तो बचावाचा अर्ज ठरला असता. कायद्याने आपले काम संपविल्यावर ते उच्चारले गेले म्हणूनच ते निवेदन अर्ज राहिले नाही, साक्ष झाले. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा व एक हजार रुपये दंड हा त्या रात्रीचा कायदेशीर निष्कर्ष. १९५६ मध्ये त्याच न्यायालयाच्या इमारतीत मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते त्या शब्दांचा शिलालेख अनावृत्त झाला, हा इतिहासाने दिलेला दुसरा निष्कर्ष. टिळकांच्या मराठीचा निवाडा इंग्रजी भाषांतरावरून झाला आणि त्यांचे इंग्रजी निवेदन मात्र मराठी मनात मराठी भाषांतरातून रुजले, ही यातील अर्थपूर्ण विसंगती होय.

३. १९१६ : ‘सरकार’ शब्दाची चिकित्सा

मंडालेहून परतल्यावर टिळकांनी होमरूलची चळवळ उभारली. १ मे १९१६ रोजी बेळगाव येथे व ३१ मे आणि १ जून रोजी अहमदनगर येथे त्यांनी मराठीत व्याख्याने दिली. ‘स्वराज्य’ आणि ‘जन्मसिद्ध हक्क’ यांची सांगड याच पर्वात लोकांच्या तोंडी रुळली. या व्याख्यानांत टिळकांनी ‘सरकार’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले : एक अव्यक्त, सर्वव्यापी राजसत्ता, दुसरा डोळ्यांना दिसणारा कारभार. हा भेद समजावून देताना परब्रह्म व माया यांचा वेदान्ती दृष्टान्त त्यांनी योजला. ‘गीतारहस्य’ आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाले होते. ज्या श्रोत्यांना संविधानशास्त्र ठाऊक नव्हते, पण कीर्तन-प्रवचनांतून सगुण-निर्गुणाची चर्चा ठाऊक होती, त्यांना राजनिष्ठा आणि नोकरशाहीची टीका एकत्र कशी नांदू शकते, हे या दृष्टान्ताने उमगले.

पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने या व्याख्यानांबद्दल टिळकांकडून एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीचा वीस हजारांचा मुचलका व दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. उच्च न्यायालयात बॅरिस्टर जिना यांनी टिळकांची बाजू मांडली. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर व न्यायमूर्ती शहा यांनी तो हुकूम रद्द केला. सनदी नोकरांवरील टीका ही सरकारवरील टीका कधीच नसते, हा ढोबळ सिद्धान्त न्यायालयाने मान्य केला नाही. तो प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थितीचा प्रश्न मानला. मात्र व्याख्याने सुट्या वाक्यांतून न वाचता समग्रपणे व न्यायबुद्धीने वाचली पाहिजेत, या भूमिकेतून ती राजद्रोही ठरत नाहीत, असा निर्णय दिला. १९०८ मध्ये नाकारले गेलेले समग्र वाचन १९१६ मध्ये मिळाले. जन्मसिद्ध हक्काची मागणी करणे हा स्वतःच गुन्हा नव्हे, एवढे यातून साधले. तो हक्क आहे किंवा नाही, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता.

४. महाड : ‘जन्म’ कोणाचा?

‘जन्मसिद्ध’ या विशेषणातील जन्म कोणाचा, हा पेच महाडने उभा केला. सीताराम केशव बोले यांच्या ठरावानुसार मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य वर्गास खुले करण्याचे धोरण स्वीकारले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

त्या वर्षीच्या ‘बहिष्कृत भारता’त आंबेडकरांनी टिळकांच्या घोषणेचा परामर्श घेतला. टिळक अस्पृश्यांत जन्मले असते, तर स्वराज्याऐवजी अस्पृश्यतानिवारणास त्यांनी आपला जन्मसिद्ध हक्क म्हटले असते, हा त्यांच्या टीकेचा आशय. ही केवळ कोटी नव्हे. हक्क कोणता वाटतो हे जन्मस्थान ठरविते, तोवर तो वतनी अर्थातच जन्मसिद्ध राहतो, हे त्यांनी दाखवून दिले. २५ डिसेंबर १९२७ पासून भरलेल्या महाडच्या दुसऱ्या परिषदेत आंबेडकरांनी १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचे स्मरण केले. त्याच परिषदेत हिंदुमात्राच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा संमत झाला आणि मनुस्मृतीचे दहन झाले. दोन्ही कृतींचा अर्थ एकत्रच लावला पाहिजे. हक्क ईश्वरदत्त म्हणावा, तर विषमताही ईश्वरनिर्मित असल्याचे प्रतिपक्षाचे म्हणणे होते. देवाच्या नावाने दोन्ही बाजूंना बोलता येत होते. म्हणून आधी त्या नावाने दिलेल्या जुन्या निवाड्याचे खंडन करणे प्राप्त होते.

दरम्यान १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी न्यायालयात स्पृश्यांनी आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा दाखल केला व दोन दिवसांनी तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. परिषदेने या हुकुमाचा मान राखून सत्याग्रह स्थगित केला. तळ्याकडे निघालेली पावले कोर्टाच्या पायरीशी थांबविणे हा निर्णय जमलेल्या समुदायाला सोपा नव्हता. परंतु त्यामुळेच लढ्याची भूमी बदलली. येथून पुढे प्रश्न होता तो पुराव्याचा.

या दाव्यात हक्क सांगणारे वादी होते ते स्पृश्य. अनादिकाळापासूनच्या वहिवाटीने तळ्याचे पाणी वापरण्याचा व अस्पृश्यांना वगळण्याचा हक्क आपणांस आहे, असे त्यांचे म्हणणे. मानवी हक्काचा जाहीरनामा काढणारे न्यायालयात प्रतिवादी होते आणि प्रतिवादीने वादीचा हक्क शाबीत होऊ न देणे पुरेसे असते. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाईहुकूम उठला. ८ जून १९३१ रोजी दावा फेटाळला गेला. ३० जानेवारी १९३३ रोजी ठाण्याच्या न्यायालयाने अपील फेटाळले. आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी वादींचे दुसरे अपीलही फेटाळले. दावा दाखल झाल्यापासून सव्वानऊ वर्षे लोटली होती.

उच्च न्यायालयाच्या निर्णयाचा आधार काळजीपूर्वक पाहावा लागतो. वहिवाट अनादि असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, हा तो आधार. तळ्याभोवती स्पृश्यांची घरे उभी राहण्यापूर्वी त्या पाण्याच्या एकाधिकारासाठी कोणी प्रयत्न केला असेल हे संभवनीय नाही, असे निरीक्षणही त्यात आहे. पुढील विधान अधिक बोलके आहे. वहिवाट सिद्ध झाली असती, तर ती अवाजवी अथवा लोकनीतीच्या विरुद्ध आहे काय, याचा विचार कदाचित करावा लागला असता. मात्र काटेकोरपणे पाहता खालच्या न्यायालयांत तो मुद्दा मांडलेला नव्हता, असे न्यायालयाने नमूद केले.

याचा अर्थ असा की, महाडचा विजय पूर्ण होता, पण तो समतेच्या तत्त्वावर मिळालेला नव्हता. तळे खुले झाले ते माणूस जन्मतः समान आहे म्हणून नव्हे, तर एका बहिष्काराचे वय पुरेसे सिद्ध झाले नाही म्हणून. उद्या दुसऱ्या गावात दुसऱ्या वादीने जुना पुरावा आणला असता तर? या ‘तर’चे उत्तर तत्कालीन कायद्यात नव्हते. जाहीरनाम्यातील शब्द आणि निकालातील शब्द यांच्यामधील हे अंतर भरून काढणे, हे पुढील काळाचे कार्य ठरले.

५. ‘मूलभूत हक्क’

ते कार्य भारताच्या संविधानाने केले. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात राज्यनिधीतून राखलेल्या वा सर्वांसाठी समर्पित अशा विहिरी, तळी व स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. मूलभूत कायद्याच्या मजकुरात ‘तळी’ हा शब्द आला, हे पाहताना महाडचे स्मरण अपरिहार्य ठरते. अनुच्छेद १३ ने रूढी व परिपाठ यांनाही मूलभूत हक्कांच्या कसोटीखाली आणले; म्हणजे वहिवाट जुनी आहे की नवी, हा प्रश्नच गौण ठरला. अनुच्छेद ३२ ने हक्कासाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा मार्ग दिला.

संविधानाच्या मराठी पाठात तिसऱ्या भागाचे शीर्षक ‘मूलभूत हक्क’ असे आहे. हिंदी पाठात ‘मूल अधिकार’. पात्रतेचा भेद सुचविणाऱ्या शब्दाऐवजी वाजवी येणे सुचविणारा वतनकाळातला शब्द मराठीने राखला, परंतु त्यातून घराणे वजा केले.

हे हक्क कोणाच्या नावाने द्यावयाचे, हा प्रश्नही संविधान सभेपुढे आला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा, अशी दुरुस्ती मांडली. ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. विरोध करणाऱ्यांत श्रद्धावानही होते. श्रद्धेचा विषय मतदानास टाकू नये, कोणावर लादू नये, असे त्यांचे म्हणणे होते. महाडच्या अनुभवाच्या प्रकाशात पाहिले असता या निर्णयाचे आणखी एक मर्म उलगडते. ज्या नावाने दोन्ही पक्ष बोलू शकतात, ते नाव हक्काच्या दस्तऐवजाचा आधार म्हणून पुरेसे ठरत नाही.

परंतु हक्क सनदेत आला की सनदेपूर्वीचा हक्क संपला काय? आणीबाणीत हा प्रश्न निकराला आला. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग नाकारला. न्यायमूर्ती खन्ना यांच्या भिन्नमतात मात्र संविधान हे जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचे एकमेव आश्रयस्थान नव्हे, ही भूमिका होती. २४ ऑगस्ट २०१७ च्या खाजगीपणाविषयीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताचा निर्णय सदोष ठरवून बाजूला सारला आणि जीवित व स्वातंत्र्य ही राज्याची देणगी नव्हे, हे मान्य केले. सनद हक्काला जन्म देत नाही, त्याची ओळख पटविते, हा विचार अशा रीतीने न्यायालयाच्या भाषेत दाखल झाला.

समारोप

या विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, न्यायासनासमोर ईश्वरदत्त हक्काचा उच्चार हा कायदेशीर युक्तिवादाचा पर्याय होऊ शकत नाही. टिळकांनी तो तसा केला नाही आणि आंबेडकरांनीही केला नाही. दोघांनीही कायद्याची वाट शेवटपर्यंत चालून पाहिली. दुसरा, तरीही तो उच्चार निरर्थक नाही. १९०८ मध्ये न्यायालयाचा निर्णय अंतिम नाही असे म्हणावयास, आणि १९२७ मध्ये शास्त्राचा व रूढीचा निर्णय अंतिम नाही असे म्हणावयास, सनदेबाहेरची एक भूमी आवश्यक होती. ‘निर्मिक’, ‘श्रेष्ठ शक्ती’ आणि ‘हिंदुमात्राचा जन्म’ ही त्या भूमीची तीन नावे. तिसरा, या भूमीवर कोणालाही उभे राहता येते. वगळला गेलेला जसा, तसा वगळणाराही. म्हणून दाव्याची खरी कसोटी देवाचे नाव नव्हे, तर तो हक्क सांगणारा तोच हक्क दुसऱ्याला देण्यास सिद्ध आहे काय, ही होय. चवदार तळ्याच्या वादींपाशी या कसोटीचे उत्तर नव्हते. ‘जन्मसिद्ध हक्क’ हा शब्दबंध वतनाच्या कागदांतून निघून संविधानाच्या पाठापर्यंत आला, तो याच कसोटीवर घासत घासत आला.